निष्कलंक पोलादाचें कूळ

ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये, असें आपल्याकडे म्हणतात. भांड्याचें कूळ विचारूं नये असें कोणी म्हटलेलें नाहीं. तरी तें आपण कधीं विचारीत नाहीं. तांदूळ कोणत्या गांवचा, आंबा देवगडचा कीं रत्नागिरीचा, याची चौकशी आपल्या घरांतून कसोशीनें होते. परंतु ज्या ताटांत तो भात वाढावयाचा तें ताट कोठल्या मातीचें, हें घरांतील एकाहि माणसास सांगतां येणार नाहीं. फार तर 'लग्नांत आलें' किंवा 'बोहारणीनें दोन जुन्या लुगड्यांवर दिलें' एवढें उत्तर मिळेल. तें खरें असलें तरी अपुरें आहे. कारण बोहारीण तरी तें कोठून आणणार?

हा विषय हातीं घेण्यास एका वाचक भगिनीचें पत्र निमित्त झालें. त्या विचारतात कीं, स्टीलच्या भांड्यांत क्रोमियम नांवाचा धातु असतो, आणि क्रोमियम विषारी आहे असें मुलाच्या पुस्तकांत वाचलें. तर मग चिंचेची आमटी त्या भांड्यांत करावी कीं न करावी? प्रश्न घरगुती आहे आणि त्याचें उत्तर एका शब्दांत देतां येईल: खुशाल करावी. परंतु मुलाच्या पुस्तकांतील वाक्यहि खोटें नव्हे. तें विष आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीं. ताट जेथून निघालें तेथेंच तें मागें राहतें. म्हणून भांड्याचें कूळ सांगणें आम्हांस भाग आहे.

स्टेनलेस स्टील, ज्यास आम्ही येथें निष्कलंक पोलाद म्हणूं, तें मुळांत लोखंडच होय. आमच्या लहानपणीं घरांत पहिलें स्टीलचें तबक आलें तेव्हां आजीनें तें देवघरांत येऊं दिलें नाहीं. 'कितीहि चकाकलें तरी लोखंडच तें,' असें तिचें म्हणणें; आणि लोखंड देवपूजेस वर्ज्य. रसायनशास्त्राच्या दृष्टीनें आजीचें म्हणणें बिनचूक होतें. ३०० ग्रॅम वजनाच्या चांगल्या ताटांत सुमारें २२० ग्रॅम लोखंडच असतें. भांडीवाला ज्यास १८-८ म्हणतो त्यांत शेंकडा १८ भाग क्रोमियम, ८ भाग निकेल, आणि बाकीचें बहुतेक लोखंड. स्वस्त भांड्यांत निकेल कमी करून मँगेनीज घालतात; पण क्रोमियमवांचून कोणाचेंच चालत नाहीं. तें शेंकडा १०.५ भागांहून कमी झालें कीं पोलादाचें निष्कलंकपण गेलें.

क्रोमियम करतें तरी काय, हें समजण्यास घरांतील विळी पाहावी. विळीच्या पात्यास पाणी लागलें कीं गंज चढतो. तो गंज फुगीर आणि सच्छिद्र. त्याचा एक पापुद्रा गळला कीं खालचें नवें लोखंड हवेस उघडें पडतें आणि पुन्हां गंजतें. क्रोमियमहि गंजतें, किंबहुना लोखंडापेक्षां अधिक तत्परतेनें गंजतें. परंतु त्याचा गंज घट्ट बसतो. जिची जाडी केसाच्या दहाहजाराव्या भागाइतकीहि भरावयाची नाहीं अशी एक पारदर्शक साय ताटावर धरते, आणि ती खालच्या लोखंडापर्यंत हवापाणी पोंचूं देत नाहीं. घासणीनें ओरखडा काढला तरी तो उघडा पडलेला भाग हवेंतील प्राणवायु घेऊन पुन्हां साय धरतो. म्हणजे ताट गंजत नाहीं म्हणून चकाकतें असें नव्हे, तर तें फार उत्तम रीतीनें गंजतें म्हणून चकाकतें! मिठापुढें मात्र ही साय टिकत नाहीं. मिठांतील क्लोरीन तिला बारीक भोंकें पाडतें. सबब लोणचें आणि मीठ यांस चिनी मातीची बरणीच खरी. आंबट पदार्थ पुष्कळ वेळ शिजविला तर क्रोमियम व निकेल यांचा अल्पसा अंश त्यांत उतरतो. परंतु त्या अवस्थेंतलें क्रोमियम उपद्रव करीत नाहीं. निकेलनें ज्यांच्या अंगावर पुरळ उठतें अशा थोड्या लोकांनीं काय तें जपावें.

'त्या अवस्थेंतलें' असें आम्हीं म्हटलें, कारण सगळी गोम तेथें आहे. शाळेच्या विज्ञानाच्या कपाटांत पोटॅशियम डायक्रोमेटचे नारिंगी खडे असत. त्यांच्या आम्लयुक्त द्रावणांत बुडविलेला कागद जळत्या गंधकाच्या धुरावर धरला कीं नारिंगीचा हिरवा होई, आणि मागच्या बांकावरचीं मुलें तें पाहण्यास उभीं राहत. संस्कृताच्या तासास तीं आपण होऊन कधीं उभीं राहिलीं नाहींत, हेंहि येथें नमूद करून ठेवतों. या प्रयोगांत धातु बदलत नाहीं, त्याची अवस्था बदलते. नारिंगी अथवा पिवळ्या रंगांतील क्रोमियमला जणूं सहा हात असतात, हिरव्यांतील क्रोमियमला तीन. शास्त्रज्ञ त्यांस षट्संयुजी आणि त्रिसंयुजी म्हणतात. तीन हातांचें क्रोमियम पाण्यांत फारसें विरघळत नाहीं आणि शरीराच्या पेशींत सहजासहजी शिरत नाहीं. सहा हातांचें पाण्यांत विरघळतें, पेशींत शिरतें, त्वचेस व्रण पाडतें. आणि त्याची धूळ वर्षानुवर्षें श्वासाबरोबर गेली तर फुप्फुसाचा कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें तें मनुष्यास निश्चितपणें कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे.

या धातूचा शोध वोक्लँ नामक फ्रेंच रसायनज्ञानें १७९७ सालीं सैबेरियांतील एका तांबड्या खनिजांत लावला. त्याचे क्षार इतक्या रंगांचे निघाले कीं ग्रीक भाषेंतील 'रंग' या अर्थाच्या शब्दावरूनच त्याचें नांव पडलें. पाचूचा हिरवा आणि माणकाचा तांबडा, हे दोन्ही रंग मुख्यतः त्याचेच. म्हणजे नवरत्नांपैकीं दोन रत्नांची शोभा त्याच्या पदरीं आहे. पुढें शंभर वर्षें तें बहुतेक रंगाऱ्यांच्याच उपयोगीं पडलें. १९१३ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड शहरीं हॅरी ब्रिअर्ली हे बंदुकीची नळी आंतून झिजूं नये म्हणून निरनिराळीं पोलादें करून पाहत होते. त्यांत शेंकडा सुमारें १३ भाग क्रोमियम घातलेलें एक पोलाद आम्लासहि दाद देईना. त्याच सुमारास जर्मनींत क्रुप यांच्या कारखान्यांत निकेल मिसळलेली जात सिद्ध झाली. बंदुकीसाठीं मांडलेल्या खटपटींतून जेवणाच्या सुऱ्या निघाल्या, ही उलट्या दिशेची घटना इतिहासांत विरळाच.

आतां मूळ खनिजाकडे वळूं. त्यास क्रोमाइट म्हणतात. तें काळसर, जड, आणि लोखंड, क्रोमियम व प्राणवायु यांच्या संयोगानें झालेलें असतें. पृथ्वीच्या पोटांतील रस थंड होऊं लागला तेव्हां तें जड म्हणून तळाशीं बसलें, जशी तूप कढविल्यावर बेरी बसते. जगांत याचा सर्वांत मोठा सांठा दक्षिण आफ्रिकेंत आहे आणि उत्पादनांतहि त्याच देशाचा क्रमांक पहिला. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तर हाहि थिजलेला रसच, परंतु त्याची जात निराळी. त्यांत क्रोमाइट सांपडत नाहीं. कोंकणांत कणकवलीजवळ जाणवली व वागदें येथें, आणि भंडारा जिल्ह्यांत पवनीच्या बाजूस, जुन्या खडकांत तें थोडेंथोडें आहे. पण त्यावर देशाचीं ताटें व्हावयाचीं नाहींत. भारताच्या क्रोमाइटचा शेंकडा नव्वदांहून अधिक सांठा ओडिशांत, आणि त्यांतील बहुतेक सगळा जाजपूर जिल्ह्यांतील सुकिंदा नांवाच्या एका खोऱ्यांत आहे.

जाजपूर हें नांव आमच्या वाचकांपैकीं जे यात्रा करून आले असतील त्यांस ठाऊक असेल. तें विरजादेवीचें क्षेत्र, वैतरणीच्या कांठीं वसलेलें; तेथें नाभिगया म्हणून पिंडदान करतात. विरजा म्हणजे जिच्या ठायीं रज नाहीं, धूळ नाहीं ती. त्याच जिल्ह्यांत, उत्तरेस दैतारी आणि दक्षिणेस महागिरी या डोंगरांच्या मध्यें सुकिंद्याचें खोरें आहे, आणि तेथें उन्हाळ्यांत झाडांच्या पानांवर तांबडी धूळ बसलेली असते. या नांवाची आणि या धुळीची गांठ घालून देणाऱ्या योगायोगास काय म्हणावें, तें आम्हांस सुचत नाहीं.

सुकिंद्याचें खनिज १९४९ च्या सुमारास उजेडांत आलें. बहुतेक खाणी उघड्या आहेत: वरची तांबडी जांभ्याची माती पायऱ्यापायऱ्यांनीं काढीत खालीं जावयाचें, आणि ती माती बाजूस टेकडीसारखी रचावयाची. जितकें खनिज निघतें त्याच्या कितीतरी पट माती हलवावी लागते; म्हणून खोऱ्यांत खड्डे आणि ढीग हे जोडीनें वाढतात. महागिरीच्या पोटांत भुयारी खाणहि आहे. खनिजाचा पुष्कळसा भाग ढेकळांचा नसून भुसभुशीत असतो. हलक्या प्रतीचें खनिज दळून पाण्याच्या उतरत्या प्रवाहांतून सोडतात. जड क्रोमाइट एका अंगास राहतें आणि हलकी माती वाहून जाते. सोनाराच्या दुकानाबाहेरची धूळ धुणारे झारेकरी ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस हें निराळें समजावून सांगणें नको.

मग भट्टी. बामनीपाल, जाजपूर रोड, चौद्वार अशा ठिकाणीं या भट्ट्या आहेत. भुसभुशीत खनिज तसेंच भट्टींत टाकलें तर वायूंची वाट बुजते, म्हणून त्याचे गोळे करतात. आणि ते वळण्यास पुष्कळ ठिकाणीं चुना व साखरकारखान्यांतील उसाची मळी वापरतात. लाडवांस पाक लागतो तो येथेंहि चुकलेला नाहीं! हे गोळे, दगडी कोळशापासून केलेला कोक आणि गारगोटी यांचें मिश्रण वरून ओततात. भट्टींत कार्बनचे तीन प्रचंड खांब उतरलेले असतात. एकट्या माणसाच्या कवेंत न मावणारे. त्यांतून वीज सोडतात. तिचा दाब घरांतल्या दिव्यापेक्षां फारसा निराळा नसतो, परंतु प्रवाह हजारों अँपियरचा असतो. तळाशीं उष्णता १७०० अंश सेंटिग्रेडच्या आसपास जाते. येथें वीज केवळ उष्णता देते. खरें काम कोळशाचें. त्या उष्णतेंत कोळशास प्राणवायूची ओढ इतकी अनावर होते कीं तो खनिजांतील प्राणवायु ओढून घेऊन वायुरूपानें निघून जातो, आणि मागें लोखंड व क्रोमियम एकत्र वितळून राहतात. लोखंड आधीं सुटतें, क्रोमियम नंतर, अधिक कष्टानें. हीच मिश्रधातु फेरोक्रोम. ती जड म्हणून तळास, आणि गारगोटीशीं मिळून वितळलेलें कीट तिच्यावर तरंगतें. दर कांहीं तासांनीं भट्टीचें तोंड फोडून दोन्हीं बाहेर घेतात आणि तें तोंड पुन्हां मातीनें लिंपतात.

असल्या फेरोक्रोममध्यें क्रोमियम शेंकडा साठांच्या आसपास आणि कार्बन सहा ते आठ असतो. हा कार्बन मोठा अडथळा होता. चांगल्या ताटाच्या पोलादांत तो शेंकडा ०.०८ च्या वर चालत नाहीं. आणि वितळलेल्या पोलादांत शुद्ध प्राणवायु फुंकून तो जाळूं म्हटलें तर कार्बनाबरोबर महागाचें क्रोमियमहि जळतें. तेव्हां फार खर्चानें कमी कार्बनाचें फेरोक्रोम करावें लागे. अमेरिकेंत १९५४ सालीं युक्ति सुचली कीं प्राणवायूंत आर्गॉन हा उदासीन वायु मिसळून फुंकावा, म्हणजे कार्बन जळतो आणि क्रोमियम बहुतेक वांचतें. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत कारखान्यांत आली, आणि त्यानंतर जगभर निष्कलंक पोलाद स्वस्त होत गेलें. आपल्या फडताळांतून पितळ मागें सरलें त्याला कल्हईचा कंटाळा हें एक कारण खरेंच, पण हा आर्गॉनहि त्यांत भागीदार आहे.

थोडें गणित मांडूं. सवय सुटत नाहीं. ३०० ग्रॅमच्या ताटांत ५४ ग्रॅम क्रोमियम. तें मिळण्यास सुमारें ९० ग्रॅम फेरोक्रोम, आणि त्यास अडीच पट धरल्यास २२५ ग्रॅम खनिज. एक टन फेरोक्रोमास तीन ते चार हजार युनिट वीज लागते. म्हणजे ज्या घरीं महिन्यास १२० युनिट जळतात त्या घरची जवळजवळ अडीच वर्षांची वीज. ताटाच्या वांट्यास मात्र एक तृतीयांश युनिटहि येत नाहीं. एकत्र कुटुंबांत ४० किलो स्टील असेल असें धरलें तर खनिज ३० किलो, वीज ४२ युनिट. हें तर कांहींच नव्हे, असें वाचक म्हणतील. आम्हींहि उत्तर पुन्हां तपासून पाहिलें; तें बरोबर आहे. एकेका घराच्या हिशेबीं तें कांहींच नव्हे, आणि म्हणूनच त्याची विचारपूस कोणी करीत नाहीं. परंतु सगळ्या घरांची, रेल्वेच्या डब्यांची, दुधाच्या टाक्यांची आणि परदेशीं जाणाऱ्या मालाची बेरीज एकाच खोऱ्याच्या माथीं पडते.

त्या खोऱ्यांतून दमसाल नांवाचा नाला वाहतो आणि पुढें ब्राह्मणी नदीस मिळतो. क्रोमाइटांतील क्रोमियम तीन हातांचें, म्हणजे निरुपद्रवी. परंतु सुकिंद्याच्या जांभ्या मातींत मँगेनीजचे प्राणिद असतात. खणून मोकळ्या केलेल्या ढिगांतून पाणी झिरपतें तेव्हां त्यांच्या संगतीनें त्या क्रोमियमचा थोडा भाग सहा हातांचा होतो आणि पाण्याबरोबर चालूं लागतो. भट्टीच्या धुळींतहि तो होतो. खाणींत सांठलेलें पाणी उपसून बाहेर सोडावें लागतें, आणि पावसाळ्यांत ढिगांवरून लोंढे येतात. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत सर्व मिळून क्रोमियम लिटरास ०.०५ मिलिग्रॅमपेक्षां अधिक असतां कामा नये. सुकिंद्याच्या पाण्यांत तें या मर्यादेच्या अनेक पट आढळलें. आणि त्याच नाल्यावर लोक आंघोळ करीत, गुरें पाजीत, भातशेती करीत आले. २००७ सालीं न्यूयॉर्कच्या ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूटनें जगांतील सर्वांत दूषित अशा दहा ठिकाणांची यादी प्रसिद्ध केली, तींत सुकिंद्याचें नांव होतें.

यावर उपाय नाहीं असें नव्हे. तो आपल्या ओळखीचा आहे. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आमच्या आजोबांच्या पिढीनें केली. तोच हिराकस पिवळ्या पाण्यांत टाकला कीं सहा हातांचें क्रोमियम पुन्हां तीन हातांचें होतें आणि गाळ होऊन तळास बसतें. शाळेंतील कागद धुरावर हिरवा झाला तोच प्रकार. सुकिंद्याच्या खाणींवर पाणी शुद्ध करण्याचीं यंत्रस्थानें याच तत्त्वावर उभारलीं गेलीं. पण हिराकस टाकावयाचा तर पाणी आधीं एका जागीं आणावें लागतें. उपसलेलें पाणी आणतां येतें. चार महिने ढिगांवरून मिळेल त्या वाटेनें धांवणारें पाणी आणणें कठीण, आणि जमिनींत मुरून विहिरींत उतरलेलें त्याहून कठीण.

या खोऱ्याच्या श्रीमंतीविषयीं आणखी एक गोष्ट. सुकिंदा तालुक्यांतच डोंगरावर नागडा नांवाची जुआंग आदिवासींची वस्ती आहे. २०१६ सालीं तेथें थोड्या महिन्यांत १९ मुलें दगावल्याचें वृत्त देशभर आलें. त्याचें कारण क्रोमियम नव्हे. कुपोषण आणि गोंवर. त्या वेळीं वस्तीपर्यंत धड रस्ता नव्हता. खनिज नेणाऱ्या मालमोटारींचा रस्ता खालीं खोऱ्यांत कधींचाच झालेला होता.

कामगारांच्या बाबतींत जुना दाखला स्कॉटलंडचा आहे. ग्लासगोजवळ लॉर्ड ओव्हरटाउन यांचा, क्रोमाइटापासून रंगाचे व चामडें कमावण्याचे क्षार करण्याचा कारखाना होता. ही कृति फेरोक्रोमाहून वेगळी. तींत सहा हातांचें क्रोमियम मुद्दामच करतात. तेथील कामगारांच्या हातांस खोल व्रण पडत आणि नाकाचा पडदा झिजून आरपार भोंक पडे. लॉर्डसाहेब मोठे धर्मशील, रविवार पाळावा म्हणून आग्रह धरणारे. कारखाना मात्र रविवारींहि चाले. १८९९ सालीं मजुरांचे पुढारी केअर हार्डी यांनीं पत्रक काढून हें चव्हाट्यावर आणलें. तो कारखाना १९६० च्या दशकांत बंद झाला. परंतु त्याची टाकाऊ माती आसपास पुरलेली होती. आणि २०२१ सालीं, म्हणजे पन्नासाहून अधिक वर्षांनंतर, तेथील पोल्मडी नांवाच्या ओढ्याचें पाणी सहा हातांच्या क्रोमियमनें भडक पिवळट-हिरवें झालें.

खाण बंद करतांना काय करावयाचें याची योजना आधींच सादर करण्याचा आणि त्यासाठीं तारण ठेवण्याचा नियम आपल्याकडे २००३ पासून आहे. सुकिंद्याच्या ढिगांवर पाऊस दर वर्षीं पडणार; खनिज संपल्यानंतर किती पावसाळ्यांच्या हिराकसाची तरतूद त्या तारणांत धरली आहे, हें ज्यांनीं पट्टे दिले त्यांस विचारणें योग्य होईल.